रेंजफाइंडरच्या जोडीला कोणती मिररलेस बॉडी?

प्रश्न : मी लायका एम १० हा रेंजफाइंडर कॅमेरा वापरतो. माझ्याकडे २८, ३५, ५० आणि ९० मिलिमीटरच्या चार एम-लेन्स (लायकाच्या एम मालिकेला बसणाऱ्या) आहेत. महाल-इतवारीतले रस्ते, मारबतीची मिरवणूक आणि घरचे समारंभ यांसाठी मला या संचात काहीही उणे वाटत नाही. मात्र पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला येथील वाघ, अंबाझरीवरचे पक्षी आणि काटोलजवळच्या आमच्या संत्राबागेतील पानांवरची कीड ही तीन कामे या कॅमेऱ्याने होत नाहीत. त्यासाठी एक मिररलेस बॉडी (सेन्सरवरचे दृश्यच पडद्यावर दाखवणारा बिनआरशाचा कॅमेरा) घ्यावी आणि मध्ये जोडकडी म्हणजे अ‍ॅडॉप्टर लावून तिच्यावर माझ्याच लेन्स वापराव्यात, म्हणजे नव्या लेन्सचा खर्च वाचेल, असा विचार आहे. बॉडी व फार तर एक लेन्स एवढी माझी ऐपत आहे. कोणती बॉडी घ्यावी?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या पत्रातच एक विसंगती आहे, तिच्यापासून सुरुवात करतो. जी तीन कामे आपण सांगितली आहेत, त्यांपैकी एकही काम आपल्या चार लेन्सपैकी कोणतीही लेन्स करू शकत नाही, मग ती जगातल्या कोणत्याही बॉडीवर लावा. पक्ष्याला ९० मिलिमीटर पुरत नाही, वाघाला क्वचितच पुरते, आणि पानावरच्या किडीसाठी लेन्स जितकी जवळ न्यावी लागते तितकी एम-लेन्स जात नाही. तेव्हा लेन्सचा खर्च वाचणार नाही, हे आधीच गृहीत धरावे. किंबहुना माझ्या मते बॉडी निवडूच नये. लांब पल्ल्याची लेन्स निवडावी आणि ती ज्या माउंटवर (लेन्स बॉडीला जोडणाऱ्या कड्यावर) मिळते ती बॉडी आपोआप ठरू द्यावी.

रेंजफाइंडरच्या मर्यादा त्याच्या रचनेतूनच येतात. दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या प्रतिमा एकमेकींवर जुळवून अंतर मोजायचे असल्यामुळे त्याची अचूकता त्या खिडक्यांमधील अंतर आणि व्ह्यूफाइंडरचे वर्धन यांच्या गुणाकारावर ठरते. एम १० मध्ये हा गुणाकार सुमारे ५० मिलिमीटर येतो. २८ किंवा ३५ साठी तो भरपूर आहे, ९० साठी पुरेसा आहे आणि १३५ ला त्याची कसोटी लागते. म्हणूनच फ्रेमलाइनही (लेन्स किती दृश्य टिपेल हे व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवणाऱ्या चौकटी) १३५ च्या पुढे जात नाहीत. जवळच्या बाजूला ही यंत्रणा ०.७ मीटरला थांबते. या दोन टोकांच्या मधला प्रदेश रेंजफाइंडरचा, आणि तिथे तो आजही उत्तम आहे: चौकटीबाहेरून कोण येत आहे ते दिसते, सगळे दृश्य स्पष्ट दिसते आणि चित्र घेण्याच्या क्षणी डोळ्यापुढे अंधार येत नाही. मारबतीच्या गर्दीत आपल्याला काही उणे वाटले नाही, यात नवल नाही. जोडीच्या कॅमेऱ्याने त्या दोन टोकांच्या बाहेरचे काम करावे. मधल्या प्रदेशात तो एम १० शी स्पर्धा करू लागला, तर दोहोंपैकी एक कपाटात पडून राहतो, आणि बहुधा तो महागडा असतो.

तरीही एम-लेन्स अधूनमधून नव्या बॉडीवर लावण्याची इच्छा होणारच, म्हणून त्याविषयीही सविस्तर सांगतो. लायका एम माउंट १९५४ मध्ये एम ३ बरोबर आला आणि त्यात माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर २७.८ मिलिमीटर ठेवले होते. मध्ये आरसा नसल्याने रुंद कोनाच्या लेन्सचा मागचा भाग फिल्मच्या अगदी जवळ नेता आला, लेन्स लहान राहिली आणि उत्तमही झाली. पण तिच्यातून निघणारे किरण चौकटीच्या कोपऱ्यांवर फार तिरपे पडतात. फिल्मला त्याचे सोयरसुतक नव्हते, डिजिटल सेन्सरला आहे. सेन्सरच्या पुढे काचेचा एक थर असतो आणि तिरपा किरण त्या थरातून जाताना आपल्या जागेवरून सरकतो. थर जितका जाड तितके कोपरे अधिक विसविशीत. लायकाने एम मालिकेच्या सेन्सरवर हा थर मुद्दाम पातळ ठेवला आहे आणि कडेच्या सूक्ष्मभिंगांची मांडणीही तिरप्या किरणांसाठी जुळवली आहे. सोनीच्या पूर्ण-चौकट (फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) बॉडींवर हा थर त्या मानाने बराच जाड आहे, तर निकॉनच्या झेड मालिकेत तो सोनीपेक्षा पातळ आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, आपली ५० आणि ९० ची लेन्स कोणत्याही मिररलेस बॉडीवर निःशंकपणे लावावी, ३५ ची आधी तपासून पाहावी आणि २८ ची एम १० वरून काढूच नये. २८ ला नव्या बॉडीवर मध्यभाग सुंदर येईल, पण कोपऱ्यातल्या झाडाची पाने पुसट होतील आणि लेन्समधील प्रकाशाचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर एफ ८ पर्यंत बारीक करूनही ती पूर्णपणे सावरतीलच असे नाही.

एम-लेन्ससाठी सर्वांत योग्य मिररलेस बॉडी कोणती, असे कोणी विचारले तर उत्तर लायकाचीच एसएल मालिका, कारण तिचा सेन्सर एम-लेन्स डोळ्यापुढे ठेवून केलेला आहे आणि लायकाचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लेन्सवरील सहा-बिटांचा संकेत वाचून बॉडीला लेन्सची ओळख करून देतो. २०२० सालची एसएल २-एस जुन्या बाजारात मिळते. पण तिचे ऑटोफोकस केवळ कॉन्ट्रास्टवर, म्हणजे फोकस हलवत प्रतिमा कुठे सर्वांत ठळक होते ते शोधत, चालते आणि उडत्या बगळ्याच्या मागे ते धापा टाकते. २०२४ च्या एसएल ३ मध्ये फेज-डिटेक्शन (फोकस कोणत्या बाजूला किती हलवायचा ते थेट मोजणारी पद्धत) आले असले, तरी ती आपल्या अंदाजपत्रकात बसणार नाही. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एसएल मालिकेच्याच एल-माउंटसाठी हातमिळवणी केल्यामुळे पॅनासॉनिक एस ५ टू आणि सिग्माची १५०-६०० ही जोडी शक्य आहे आणि वाईटही नाही. मात्र तिची बॉडी लायकाच्या माउंटची असली तरी सेन्सर लायका एसएलचा नाही, हे विसरू नये.

आता माझी शिफारस. निकॉनची १८०-६०० मिलिमीटर, एफ ५.६-६.३ ही २०२३ मध्ये आलेली लेन्स घ्यावी आणि तिच्यासाठी झेड सिक्स थ्री ही बॉडी घ्यावी. या लेन्सचे झूम आतल्या आत चालते, नळी पुढे-मागे होत नाही. जिप्सीच्या कडेच्या सीटवर बसून आणि पेंचच्या सिल्लारी गेटच्या आतली लाल धूळ खात चित्रे घेणाऱ्याला हा गुण किती मोलाचा आहे, ते पहिल्याच सफारीत कळेल. वजन सुमारे दोन किलो आहे, म्हणून बीन बॅग बरोबर असू द्यावी. निकॉनचीच झेड एफ दिसायला जुन्या धाटणीची असल्याने एम १० शेजारी शोभून दिसते आणि पुष्कळ रेंजफाइंडरवाले तिच्याच मोहात पडतात. केवळ एम-लेन्ससाठी बॉडी हवी असती तर मीही तीच सुचवली असती. परंतु तिला धड पकड नाही आणि दोन किलोच्या लेन्समागे ती हाताला सतत त्रास देईल. सोनीची ए ७ फोर आणि २००-६०० ही जोडी पक्ष्यांसाठी तितकीच समर्थ आहे. आपण ३५ आणि २८ तिच्यावर कधीच लावणार नसाल, तर दोहोंतील निवड हाताला काय बरे वाटते यावर सोडून द्यावी.

राहिली कीड. ५० च्या लेन्सला फिरत्या आट्यांचा अ‍ॅडॉप्टर लावून ती पाचेक मिलिमीटर पुढे नेता येते. त्याने सेन्सरवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या साधारण एक पंचमांशापर्यंत मोठी होते. फळावरचा डाग किंवा कोळशीने काळवंडलेले पान यासाठी ते पुरेसे आहे. परंतु सिट्रस सिला हा किडा जेमतेम तीन मिलिमीटरचा. एवढ्या वर्धनात तो २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर सुमारे ९० पिक्सेल व्यापेल, आणि तज्ज्ञाला दाखवण्याजोगे त्यात काही उरणार नाही. एकास एक वर्धन देणाऱ्या मॅक्रो लेन्सवर तोच किडा ५०० पिक्सेलचा होतो. निकॉनची १०५ मिलिमीटरची मॅक्रो पुढच्या बहराला घ्यावी; यंदा अ‍ॅडॉप्टरवर भागवावे.

प्रश्न : एम-लेन्ससाठी साधा अ‍ॅडॉप्टर आणि महाग अ‍ॅडॉप्टर यांत खरोखर फरक असतो का? दोन्हींत काच तर नसतेच.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : काच नसते, जाडी असते, आणि सगळी गोम तिथे आहे. माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर एम मध्ये २७.८ आणि निकॉन झेडमध्ये १६ मिलिमीटर, म्हणजे अ‍ॅडॉप्टर नेमका ११.८ मिलिमीटरचा हवा, सोनीसाठी ९.८. स्वस्त अ‍ॅडॉप्टर बहुधा मुद्दाम किंचित पातळ केलेले असतात, म्हणजे अनंतावर फोकस होत नाही अशी तक्रार येत नाही. पण मग लेन्सवरची अंतराची पट्टी खोटी ठरते आणि पट्टीवर अंतर लावून रस्त्यावर चित्रे घेण्याची सवय असलेल्या माणसाची पंचाईत होते. ज्या लेन्समध्ये जवळच्या फोकससाठी आतले भिंग स्वतंत्रपणे सरकते, तिचे कोपरेही यामुळे बिघडतात. पारख सोपी आहे: फुटाळा तलावाच्या एका काठावरून पलीकडच्या काठावरील इमारत अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून, प्रतिमा मोठी करून पाहावी. फोकसची कडी अनंताच्या खुणेला टेकण्याच्या केसभर आधी इमारत स्पष्ट झाली तर चालेल. बोटभर आधी झाली तर अ‍ॅडॉप्टर परत करावा.

प्रश्न : एम १० आणि मिररलेस दोन्ही गळ्यात घालून मे महिन्याच्या उन्हात फिरल्यास सेन्सरला धोका असतो का?
– एक वाचिका, सदर, नागपूर

उत्तर : एम १० ला कमी, मिररलेसला अधिक. एम १० चे शटर एरवी मिटलेले असते, त्यामुळे सूर्याची प्रतिमा शटरच्या पात्यांवर पडते. बहुतेक मिररलेस बॉडींचा सेन्सर मात्र लेन्समागे उघडाच राहतो, आणि एम-लेन्सचे अ‍ॅपर्चर हाताने लावायचे असल्याने बॉडी बंद केली तरी ते आपल्या जागेवरून हलत नाही. एफ २ वर ठेवले असेल तर एफ २ वरच राहते. म्हणून चालताना झाकण लावावे. झाकण लावायचा कंटाळा असेल तर निदान अ‍ॅपर्चर एफ १६ वर न्यावे आणि फोकसची कडी जवळच्या टोकाला फिरवून ठेवावी, म्हणजे सूर्य सेन्सरवर एकवटत नाही.