‘शिव्यांच्या पुस्तकावर’ एम.ए. करून पुढे काय?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी एम.ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि लघुप्रबंधासाठी तिने ‘अमेरिकन आणि ब्रिटिश ट्रान्सग्रेसिव्ह कादंबरीची तुलना’ हा विषय धरलाय, म्हणजे हिंसा, नशा, लैंगिकता यांत समाजाच्या मर्यादा मुद्दाम ओलांडणाऱ्या कादंबऱ्या. तुम्ही तिच्या टेबलावरची ‘ट्रेनस्पॉटिंग’ ही कादंबरी उघडलीत, तर पानभर शिव्या, त्यात स्पेलिंगही धड नाही. पुस्तक कपाटात बंद केलंत आणि मला विचारताय, ‘यावर नोकरी कोण देणार?’

आधी स्पेलिंगचं सांगते. ती चूक नाही. स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या लीथ भागातली गर्दुल्ली पोरं जशी बोलतात, तसं अर्विन वेल्शने १९९३ साली कागदावर उतरवलं. अमेरिकेत हे पुस्तक छापताना तर शेवटी शब्दार्थ द्यावे लागले. आपल्याकडे भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’तली पोरं नाक्यावरचीच भाषा बोलत होती, आणि तेव्हाही अनेकांना असाच धक्का बसला होता.

त्यामुळे विषय वाह्यात आहे, असं मला वाटत नाही. माझी हरकत वेगळी आहे. तो फार ऐसपैस आहे. अशा विषयात मुलं एका डब्यात ‘अमेरिकन सायको’ आणि ‘फाइट क्लब’ भरतात, दुसऱ्यात ‘ट्रेनस्पॉटिंग’ आणि बॅलर्डचं ‘क्रॅश’, आणि निष्कर्ष काढतात: अमेरिकन माणूस पैशाने पोखरलेला, ब्रिटिश माणूस वर्गव्यवस्थेने. हे अगदीच खोटं नाही, पण यासाठी ऐंशी पानं कशाला? शिवाय वेल्शला ‘ब्रिटिश’ म्हणायचं की स्कॉटिश, इथेच परीक्षक तिला अडवतील.

तिला माझ्यातर्फे एक सुचवा. दोन देशांची दहा पुस्तकं घेण्यापेक्षा एकच पुस्तक दोन देशांत कसं वागवलं गेलं, ते पाहायचं. अँथनी बर्जेसचं ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ हे एका हिंसक पोराच्या गोष्टीचं पुस्तक लंडनमध्ये १९६२ साली आलं तेव्हा त्यात एकवीस प्रकरणं होती. शेवटच्या प्रकरणात त्या पोराला, अ‍ॅलेक्सला, मारामारीचा आपणहून कंटाळा येतो, तो मोठा होतो. अमेरिकन प्रकाशकाने नेमकं तेच प्रकरण गाळलं. तिथल्या वाचकाच्या हाती न सुधारलेला अ‍ॅलेक्स राहिला, १९७१चा चित्रपटही तिथेच थांबला, आणि ते प्रकरण अमेरिकन आवृत्तीत यायला १९८६ उजाडलं. उलट दिशेने पाहायचं तर ह्यूबर्ट सेल्बीचं ‘लास्ट एक्झिट टू ब्रुकलिन’ हे १९६४चं अमेरिकन पुस्तक १९६७ साली लंडनच्या कोर्टात अश्लील ठरलं आणि पुढच्याच वर्षी अपिलात सुटलं. कोणत्या समाजाला नेमकं काय सोसत नाही, हे अशा जागी दिसतं.

याला आपल्या घरचाही धागा जोडता येईल. डी. एच. लॉरेन्सचं ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ १९६० साली लंडनमध्ये अश्लीलतेच्या खटल्यातून निर्दोष सुटलं. तेच विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली कायम ठेवली. आणि चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातली कथा त्याच न्यायालयात १९६९ साली अश्लीलतेच्या आरोपातून सुटली. निकालपत्रं वाचायला मिळतात. तिने ती जरूर वाचावीत.

आता नोकरीचं. लघुप्रबंधाचा विषय बघून प्राध्यापक म्हणून कोणी घेत नाही. एम.ए.ला ५५ टक्के लागतात (राखीव प्रवर्गांना ५०), मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा. सेट महाराष्ट्र-गोव्यापुरती, नेट देशभर चालते, जून आणि डिसेंबरला होते. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, निघाली तर महिना ३७ हजार मिळून पीएच.डी. करता येते. पण नेटच्या इंग्रजी पेपरात चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीपासून आजच्या साहित्यसिद्धान्तांपर्यंत सगळं येतं, तिथे वेल्श एकटा वाचवणार नाही. रोज दोन तास त्या अभ्यासाला हवेतच. आणि स्पष्ट सांगते, नेट झाल्यावरही पहिली काही वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, जाऊ शकतात. घरखर्चाची घाई असेल तर हा रस्ता धरताना विचार करा.

पर्याय आहेत: प्रकाशनसंस्थेत संपादन, अनुवाद, सबटायटलिंग. बोलीतलं कठीण गद्य नीट वाचणाऱ्या मुलीला यात फायदा होतो. अनुवादाचा नमुना म्हणून तिने लीथच्या बोलीतलं एक पान मराठीत आणून बघावं, कोल्हापुरीत की मुंबईच्या नाक्यावरच्या भाषेत, हे तिनेच ठरवायचं. परदेशाचं म्हणाल तर ब्रिटनमधलं एम.ए. साधारण वर्षाचं, पण बहुतेकदा स्वखर्चाने. अमेरिकेतल्या बऱ्याच पीएच.डी. जागांना फी माफी आणि विद्यावेतन असतं, बदल्यात वर्ग शिकवावे लागतात. कर्ज काढून जायची घाई करू नका.

आणि ते पुस्तक कपाटातून काढून तिला परत द्या. कॉलेजच्या ग्रंथालयाचं असेल तर रोजचा दंड चढत असेल.