वाचकांचे प्रश्न : कथेला फाटे फोडताना

प्रश्न : माझी छापून आलेली कथा ट्वाइन या संगणकावरच्या साधनात संवादी रूपात, म्हणजे वाचक निवडेल तशी पुढे जाणारी, बांधतो आहे. सहा ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले, पण आता लिहून संपतच नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : प्रत्येक फाटा तुम्ही कायमचा वेगळा ठेवलात. सहा वेळा दोन पर्याय म्हणजे ६४ शेवट आणि एकूण १२७ पॅसेज (वाचकाला एका वेळी दिसणारा मजकुराचा तुकडा). पॅसेज १२० शब्दांचा धरला तरी लिहायचे १५,२४० शब्द, आणि वाचकाच्या वाट्याला त्यातले सात पॅसेज, म्हणजे जेमतेम ८४० शब्द!

फाटे पुन्हा एकत्र आणा. २०० शब्दांचे सात सामाईक पॅसेज, मध्ये सहा ठिकाणी १२० शब्दांच्या दोन-दोन वाटा. लिहायचे २,८४०, वाचले जातात २,१२०. मूळ कथेची वळणं सामाईक पॅसेजमध्येच राहू द्या. पर्याय द्यायचा तो पात्र जिथे घुटमळतं तिथे. ‘डावीकडे की उजवीकडे’ हा पर्याय नव्हे, नाणेफेक आहे. काय पणाला लागलंय ते वाचकाला आधी कळायला हवं.

वाटा पुन्हा एकत्र आल्या की निवड वाया गेल्यासारखी वाटते, म्हणून ती व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ट्वाइन लक्षात ठेवतं अशा नावाच्या नोंदीत, साठवा. बहिणीची चिठ्ठी चोरून वाचली असेल, तर तीन पॅसेजनंतर तिची दोन वाक्यं बदलू द्या. तेवढं पुरतं. शेवट तीनच ठेवा, चौथा बहुधा ओढूनताणून आणलेला असतो.

सगळ्या व्हेरिएबल्सची सुरुवातीची किंमत पहिल्याच पॅसेजमध्ये लिहा. मधल्या पॅसेजपासून चाचणी सुरू केली की आधीच्या निवडी नोंदलेल्याच नसतात आणि नसलेल्या चुका दिसतात. शेवटची तपासणी पहिल्यापासूनच करा. आणि ब्राउझरमधलं ट्वाइन वापरत असाल तर काम त्याच ब्राउझरच्या साठ्यात असतं. साठा पुसला की कथा गेली. रोज काम संपवून उठताना फाइल उतरवून ठेवा.

प्रश्न : वाचकालाच नायक करायचं आहे. ‘तू’ वापरू की ‘तुम्ही’?

उत्तर : ‘तू’ लगेच लिंग विचारतं : गेलास की गेलीस, जातोस की जातेस. ‘तुम्ही गेलात’, ‘तुम्ही जाता’ दोघांनाही चालतं. पण ‘तुम्ही दमलेले आहात’ म्हटलं की पुन्हा अडकलात. तिथे ‘तुम्हाला थकवा जाणवतो’ असं वळवा. ‘तू’ची जवळीक हवीच असेल तर भूतकाळात कर्म असलेली वाक्यं घ्या : ‘दार उघडलंस’, ‘दिवा लावलास’. इथे क्रियापद दाराच्या, दिव्याच्या मागे जातं, तुमच्या नाही. मात्र अशी वाक्यं ओळीने दहा आली की तारेच्या मजकुरासारखी वाटतात. लांब कथेला ‘तुम्ही’च बरं.

प्रश्न : जुन्या लेखकाच्या कथेचं भाषांतर हाताशी आहे. त्यावर खेळ बनवला तर चालेल?

उत्तर : दोन हक्क वेगळे तपासा : लेखकाचा आणि भाषांतरकाराचा. बर्न करारात, म्हणजे लेखनहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षांचं संरक्षण आहे, बऱ्याच देशांत ६० किंवा ७०. मूळ कथा मुक्त झाली तरी भाषांतर मुक्त असेलच असं नाही. पुस्तकातली चित्रं आणखी तिसऱ्याची. परवानगी मागताना पत्रात ‘संवादी डिजिटल रूपांतर’ असं स्पष्ट लिहा. पुनर्मुद्रणाच्या परवानगीत रूपांतर येत नाही.