हार्मनीओएस शिकायचंय? मग आधी हे वाच

अरे हार्मनीओएस, म्हणजे चिनी कंपनी हुआवेची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम, शिक की बिनधास्त, पण अँड्रॉइड सोडून नको, कारण हुआवेने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तिची जी नेक्स्ट नावाची आवृत्ती आणली तिच्यात अँड्रॉइडचं एपीके (ॲपची फाइल) थेट चालतच नाही, म्हणजे ॲप नव्याने बांधावं लागतं आणि तो बाजार आजतरी मुख्यतः चीनमध्येच आहे, पुण्यात बसून फक्त त्याच्यावर नोकरी शोधलीस तर हाताला फारसं काही लागणार नाही. 2019 ला अमेरिकेने हुआवेवर निर्बंध घातले, नव्या फोनवरनं गुगल गेलं, तेव्हापासून स्वतःच्या सिस्टिमच्या ह्या कामाला खरा जोर आला. तरी वीचॅट, म्हणजे चीनमधलं चॅट ॲप, नेक्स्टवर सगळ्यांसाठी यायला 2025 उजाडलं! ॲपवाल्यांना वळवणं एवढं जड असतं, विंडोज फोन बऱ्याच अंशी ह्याच पायी गेला.

आता शिकायचं कसं, तर आधी टाइपस्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा पक्की कर, हार्मनीओएसची ॲप्स जिच्यात लिहितात ती आर्कटीएस भाषा त्याच्यावरच बेतलीय, फक्त इथे 'एनी' (कुठलंही मूल्य चालेल असा) टाइप चालत नाही आणि ऑब्जेक्टला मधेच नवी प्रॉपर्टी चिकटवायला गेलास की कंपायलर तिथेच अडवतो, सुरुवातीला जाम वैताग येईल पण सवय चांगली लागते. अँड्रॉइडचं कंपोज किंवा आयफोनचं स्विफ्टयूआय केलं असशील तर आर्कयूआय, म्हणजे हार्मनीओएसमध्ये ॲपची स्क्रीन बांधायचं साधन, पटकन जमेल, 'स्टेट' लावलेलं व्हेरिएबल बदललं की स्क्रीन आपोआप बदलते. डेवइको स्टुडिओ हे ॲप बनवायचं हुआवेचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात खर्चाच्या वहीसारखं छोटं ॲप कर, इम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर) चालव. फ्लटर (एकाच कोडवरून वेगवेगळ्या फोनसाठी ॲप बनवायचं साधन) येत असेल तर त्याचं ओपनहार्मनीसाठीचं, म्हणजे हार्मनीओएसच्या ओपन सोर्स रूपासाठीचं, पोर्ट पण बघून ठेव. आणि डॉक्युमेंटेशन इंग्रजीत अर्धवट वाटलं तर सरळ चिनी पान उघडून ट्रान्सलेट लाव.