भिंत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क पडत नाही

प्रश्न : सांगलीत गावभागात एका जुन्या वाड्याच्या पुढच्या खोलीत आमची पिठाची गिरणी आहे. जागा वडिलांनी भाड्याने घेतली होती. मी त्यांच्या हाताखालीच शिकलो, ते गेल्यावर मीच चालवतो. लेखी करार नाही. भाडं महिना 1800 रुपये. 2019 आणि 2021 च्या पुरात गिरणी पाण्यात होती. तेव्हापासून मागची भिंत फुगली होती, यंदाच्या पावसात ती बसली. मी तासगावला बहिणीकडे असताना मालकांच्या मुलाने येऊन स्वतःचं कुलूप घातलं. जातं, मोटर, काटा सगळं आत आहे. ते म्हणतात, "इमारतच राहिली नाही तर भाडेकरू कसला? पंचवीस हजार घ्या आणि स्टॅम्पपेपरवर सही करा." दोन महिने झाले. काय करू?

उत्तर : आधी एवढंच, सही करू नका. पंचवीस हजारांची कितीही निकड असली तरी नको.

मालकांचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, पण कायदा नेमका उलट आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 सांगतं की आग, वादळ किंवा पुराने जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निकामी झाला, तर भाडेपट्टा संपवायचा की नाही हे भाडेकरूने ठरवायचं. मालकाने नव्हे. शहा रतनशी खिमजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2014 साली हे स्पष्ट केलं आहे. इमारत जमीनदोस्त झाली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, कारण तो जमिनीलाही चिकटलेला असतो. तुमची तर एकच भिंत गेली आहे.

आता कुलपाचं. भाडेकरूला काढायचं तर मालकाने महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 16 मधलं एखादं कारण घेऊन कोर्टात जावं लागतं. कुलूप घालून मोकळं होता येत नाही. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 प्रमाणे, कायदेशीर मार्ग सोडून ज्याचा ताबा काढला गेला त्याला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो, आणि त्यात मालकी कोणाची हा वाद निघतच नाही. तुमचे दोन महिने गेलेत. चौकीत "दिवाणी मॅटर आहे" असं सांगून परत पाठवतील, तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्याच. कुलूप कधी लागलं याचा तो पुरावा होतो. मग विजयनगरच्या कोर्टात तातडीच्या मनाई अर्जासह दावा लावा. मोटर गंजते आहे, हंगाम जातो आहे, हे अर्जात ठळक लिहा.

दिरंगाईचा आणखी एक धोका आहे. जागा सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय वापराविना राहिली, तर तेच कलम 16 मालकाला दाव्यासाठी कारण देतं. कुलूप त्यांनीच घातलंय म्हणून तुम्हाला उत्तर आहे. पण ते कागदावर हवं, तोंडी नको.

करार लेखी नाही याची फार काळजी करू नका. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने मालकावर टाकली आहे, आणि तो नसेल तर भाडेकरू अटी सांगेल त्याच धरल्या जातात, मालकाने वेगळं सिद्ध करेपर्यंत. ताबा मात्र तुम्हालाच दाखवावा लागेल. वीजबिलं, शॉप ॲक्टचा दाखला, भाड्याच्या पावत्या काढा. पुरात पावत्यांचा गठ्ठा भिजून लगदा झाला असेल तरी फेकू नका. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, आहेत तशी दाखवा. त्याहून मोलाचा कागद म्हणजे 2019 च्या पुरानंतरचा पंचनामा. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 फूट असताना. तेव्हा तुमच्या गिरणीचा पंचनामा झाला असेल, तर दुकान कोण चालवतं हे त्यात सरकारी माणसाच्या हातचं लिहिलेलं असेल. तहसील कार्यालयात माहिती अधिकारात प्रत मागा. वडील असताना तुम्हीही गिरणीत बसत होता, हे शेजारच्या दोन दुकानदारांकडून प्रतिज्ञापत्रावर घ्या. धंद्याच्या जागेचा हक्क वारसाकडे येताना नेमकं हेच पाहतात.

भाडं थांबवू नका. मालक घेत नसतील तर दर महिन्याला मनीऑर्डर करा आणि "घेण्यास नकार" शेरा मारून आलेली पावती जपून ठेवा. थकबाकीवरून काढायचं झालं तरी लेखी मागणीनंतर 90 दिवस थांबावं लागतं, पण ती संधी द्यायचीच कशाला?

ताबा मिळाला की भिंत स्वतः बांधायला घेऊ नका. माझ्याकडे येणारे बरेच भाडेकरू इथेच फसतात. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं की ते जागा खाली करवण्याचं कारण ठरतं. दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी. 15 दिवसांची नोटीस देऊनही त्यांनी केली नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 14 प्रमाणे तुम्ही करून खर्च भाड्यातून वळता करू शकता. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. तुमच्या हिशोबाने ते 5400 रुपये होतात. त्यात भिंत उभी राहत नाही, म्हणून दुरुस्तीचा आदेशही कोर्टाकडेच मागा.

एक बाजू तुमच्या विरोधातली आहे. महापालिकेने वाडा धोकादायक ठरवून पाडायचा आदेश काढला, तर तिथे थांबणं शहाणपणाचं नाही. जिवावरचं आहे ते. मात्र बाहेर पडण्याआधी तुमच्या ताब्यातलं क्षेत्रफळ मोजून लेखी घ्या, म्हणजे नव्या इमारतीत तेवढी जागा मागता येते.

आणि मालक उद्या "नवीन बिल्डिंगमध्ये गाळा देतो" म्हणाले, तर त्या शब्दावर जाऊ नका. महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा, हा प्लॉट निळ्या पूररेषेच्या (नकाशावर पुराचा पट्टा दाखवणाऱ्या रेषेच्या) आत येतो का. आत असेल तर नव्या बांधकामावर बंधनं आहेत, आणि जी इमारत उभीच राहायची नाही तिच्यातला गाळा तुमच्या काय कामाचा? परवानगी मिळण्यासारखी असेल, तर क्षेत्रफळ, भाडं आणि मुदत लिहून नोंदणीकृत करार करून घ्या. तोवर कोर्टातला दावा मागे घेऊ नका.