घरचा संगणक, तुमच्या शंका : फॉरमॅट मारण्याआधी बोर्डाचं बटण बघा

या महिन्याच्या पत्रांत एक वाक्य सारखं भेटलं : "दुकानदार म्हणतो, विंडोज उडाली, फॉरमॅट मारावं लागेल." पत्र पुढं वाचलं की दुखणं बहुतेक विजेचं किंवा उन्हाचं निघतं. फॉरमॅट हा सगळ्यात सोपा इलाज आहे, पण तो करणाऱ्यासाठी. फोटो आणि हिशेब जातात ते तुमचे.

रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की तारीख २०१२ सालची दिसते आणि बँकेची, सातबाऱ्याची कुठलीच साइट उघडत नाही. 'कनेक्शन खाजगी नाही' असं येतं. तारीख दुरुस्त केली की दिवसभर ठीक चालतं. फॉरमॅट करावं का? (सेलू, जि. परभणी)

अजिबात नको. मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा सेल संपलाय. त्याचं नाव सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. कॉम्प्युटर बंद असताना तारीख आणि सेटिंग सांभाळणं एवढंच त्याचं काम. रात्री तुम्ही भिंतीवरचं बटण बंद करत असाल, म्हणून सकाळीच हा घोळ होतो. बटण चालू राहिलं तर बोर्डाला एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ चालतं. साइट न उघडण्याचं कारणही तारीखच. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. तुमचा कॉम्प्युटर २०१२ सालात असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही.

बदलणं सोपं आहे. वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज उतरते. कॅबिनेटच्या मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवा. सेलच्या कडेला बारीक पत्र्याची चाप असते, ती नखानं बाहेर ढकलली की सेल टुणकन वर येतो. नवा बसवताना 'अधिक'ची बाजू वर. मल्टिमीटर असेल तर जुना मोजून बघा, २.८ व्होल्टच्या खाली असेल तर शंकाच नको.

खरी मेख पुढं आहे. सेल बदलल्यावर कॉम्प्युटर सुरू होतानाच डिलीट किंवा एफ-टू दाबून सेटअपमध्ये (बायोसमध्ये) जा आणि तारखेबरोबर 'साटा मोड', म्हणजे बोर्डाची हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत, तपासा. जुन्या बोर्डांवर सेटिंग पुसलं गेलं की 'एएचसीआय' या पद्धतीची जुनी 'आयडीई' होते (कधी उलटंही), मग विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो. इथंच 'विंडोज उडाली' असं ठरवून फॉरमॅट मारला जातो. मोड पूर्वीसारखा केला की विंडोज जशीच्या तशी उघडते. जुना सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळून टाका. लहान मुलानं गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. तसं झालंच तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, स्पीकर घूं घूं करतो. शिवाय लाइट गेली की घराला इन्व्हर्टर असूनही कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. (औसा, जि. लातूर)

दुखणी दोन आहेत. आधी मुंग्यांचं बघू.

एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला खरखराट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते गाळलेला प्रवाह अर्थिंगच्या तारेत सोडतात. अर्थिंग नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर बसून राहतो. पत्रा मग साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे एकशेदहा-पंधरा व्होल्टवर तरंगतो. प्रवाह फार थोडा असल्यानं नुसत्या मुंग्या येतात. पण त्याच बोर्डावर उद्या गिझर किंवा कूलर लावला आणि त्याची तार आतून उघडी पडली, तर ते प्रकरण मुंग्यांवर थांबणार नाही.

सगळ्यात आधी एक्स्टेन्शन बोर्ड बघा. तीन पिनांतली वरची जाड पिन अर्थिंगची. ती कुणी कापली आहे का, मध्ये दोन पिनांचा जोड लावलाय का, स्वस्त बोर्डाच्या वायरीत तिसरी तार आहे तरी का? निम्मी प्रकरणं इथंच मिटावीत. तिथं सगळं ठीक असेल तर वायरमनला बोलावून भिंतीच्या सॉकेटमध्ये तीन मापं घ्यायला लावा. फेज आणि न्यूट्रल : सुमारे २३०. फेज आणि अर्थ : जवळपास तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थ : दोन-तीन व्होल्टच्या आत. दुसरं माप अर्धवट किंवा नाचतं आलं तर अर्थिंग तुटलेली आहे.

यावर काही वायरमन एक आखूड वाट काढतात : सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थला जोडून देतात. मुंग्या थांबतात आणि माप सुंदर दिसतं. पण डांबावरून येणारं न्यूट्रल कधी सुटलं तर घरातल्या प्रत्येक यंत्राच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. असा जोड कुणी घातला असेल तर आजच काढायला लावा.

अर्थिंगचा खड्डा केलेला असूनही उन्हाळ्यात ती काम करत नाही, ही आपल्या काळ्या मातीची खोड. पावसाळ्यात ही माती ओल धरते, पण एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात आणि नळीपासून माती सुटते. साधारण अडीच मीटर लांबीची, ४० मिलिमीटरची जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) नळी, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला तोंड अशी रचना असते. उन्हाळ्यात तिथं दर चार-आठ दिवसांनी बादलीभर पाणी जायला हवं. लातूर जिल्ह्यात मे महिन्यात पाणी ओता म्हणणं जिवावर येतं. पण आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी क्षारांचं असतं आणि या कामाला ते चांगलंच.

आता रिस्टार्ट. लाइट गेल्यापासून इन्व्हर्टरची वीज येईपर्यंत मध्ये एक फट असते. चांगला एसएमपीएस सोळा-सतरा मिलिसेकंदच दम धरतो. पुष्कळ घरगुती इन्व्हर्टरला 'यूपीएस' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल' असं एक बटण असतं. ते 'इको'वर असेल तर फट मोठी पडते, 'यूपीएस'वर करा. मात्र त्या मोडमध्ये व्होल्टेज थोडं पडलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, म्हणजे मोटारी चालू असताना तो घडीघडी बॅटरी खाईल. तसं होत असेल तर कॉम्प्युटरपुरता ६०० व्हीएचा वेगळा यूपीएस घ्यावा असं माझं मत. त्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. फाइल सेव्ह करून बंद करायला वेळ मिळतो, त्यावर तासभर काम करायची अपेक्षा ठेवू नका. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलायची. लेझर प्रिंटर त्याला चुकूनही जोडू नका : शाई वितळवणारा त्याचा रोलर तापताना हजार वॉटच्या आसपास ओढतो. आणि बटण 'यूपीएस'वर असूनही रिस्टार्ट होत असेल तर एसएमपीएसचे कपॅसिटर वाळले असं समजा आणि तो बदला.

उन्हाळा लागला की लॅपटॉप दुपारी रेंगाळतो. समोर कूलर लावूनही फरक नाही. आता टचपॅडही वर आल्यासारखा वाटतो. (माजलगाव, जि. बीड)

टचपॅड वर आला म्हणजे खाली बॅटरी टम्म फुगलेल्या भाकरीसारखी झालीय. चार्जिंग आत्ताच थांबवा. टचपॅड दाबून बसवायचा नाही, टोचायचं तर नाहीच. लॅपटॉप बंद करा, गादी-कागदांपासून दूर फरशीवर ठेवा आणि बॅटरी दुकानातून काढून घ्या. बहुतेक लॅपटॉप बॅटरीशिवायही चार्जरवर चालतात. नवी बसवल्यावर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा सेटअपमध्ये 'ऐंशी टक्क्यांवर चार्ज थांबवा' असा पर्याय असेल तर तो लावा. सतत शंभर टक्के चार्ज आणि वर ऊन, या दोन्हींनी सेल फुगतात.

रेंगाळण्याबद्दल : बहुतेक लॅपटॉप भोवतालच्या ३५ अंशांपर्यंत चालावेत असे बनवलेले असतात. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत काय असतं ते सांगायला नको. प्रोसेसर शंभर अंशांजवळ गेला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. गोधडीवर ठेवला तर खालची जाळी बंद होते. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. तो वरून फुंकून निघत नाही, पंखा उचलावा लागतो. हवा मारताना पंख्याचं पातं काडीनं अडवून धरा, नाहीतर तो भन्नाट फिरून बिघडतो. कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर नको. बोअरच्या पाण्याचे बारीक तुषार आत जाऊन पांढरे क्षार सोडतात.

झेरॉक्सच्या दुकानातून आल्यावर पेन ड्राइव्हमध्ये सगळे शॉर्टकट दिसतात. फाइली गेल्या का? (किनवट, जि. नांदेड)

नाही, लपवल्या आहेत. शॉर्टकटवर क्लिक करू नका, त्यानंच व्हायरस चालू होतो. फोल्डर ऑप्शन्सच्या 'व्ह्यू'मध्ये लपलेल्या फाइली दाखवा आणि 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'समोरची खूण काढा. खरे फोल्डर फिकट दिसतील (कधी सगळे एका बिननावाच्या फोल्डरमध्ये असतात). फक्त तुमच्या ओळखीच्या फाइली कॉपी करून घ्या, मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. इथं फॉरमॅट योग्य आहे. कॉम्प्युटरही अँटिव्हायरसनं तपासून घ्या.

वायफाय प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवतो म्हणून इंटरनेटवर कंपनीचा नंबर शोधला. त्या माणसानं मोबाइलवर ॲप घ्यायला लावून कोड विचारला. पैसे गेले नाहीत, पण धाकधूक आहे. (कळंब, जि. धाराशिव)

तो नंबर कंपनीचा नव्हता असंच धरून चाला. मोबाइलचं इंटरनेट बंद करून ते ॲप काढा. सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस ॲडमिन' या दोन ठिकाणी अनोळखी नाव उरलंय का बघा. निघत नसेल तर आधी तिथली परवानगी काढा. नेट बँकिंगचा पासवर्ड आणि यूपीआयचा पिन दुसऱ्या फोनवरून बदला, बँकेला कळवा. पैसे गेल्याचं दिसलं तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. कंपनीचा नंबर घ्यायचा तो वॉरंटी कार्डावरून किंवा खोक्यावरून.

प्रिंटरचं म्हणाल तर त्याला बहुधा काहीच झालेलं नाही. लाइट जाऊन आली की राउटर नव्यानं सुरू होतो आणि प्रिंटरला कधी कधी वेगळा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) देतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. कॉम्प्युटरमधून प्रिंटर काढून पुन्हा जोडा. मग राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये त्या प्रिंटरला एक पत्ता कायमचा नेमून द्या. हे जमत नसेल तर वायफायचा नाद सोडून शंभर-दीडशे रुपयांची यूएसबी केबल लावा.