उत्तर कार्डाच्या पाठीवर छापू नका (स्वखर्चानं शिकलेलं, सांगलीहून)

तुमची पोस्ट वाचता वाचता चहा गार झाला. साताऱ्यातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी जिल्ह्याच्या माहितीवर फाशांचा प्रश्नखेळ करताय, ३०० प्रश्न तयार आहेत, ए-फोरवर नऊ-नऊ कार्डं बसवलीत, पुढं प्रश्न, मागं उत्तर, आणि विचारताय काय, तर कागद किती जाडीचा घ्यावा! कागदाचं सोडा हो. ३०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) आर्ट कार्ड, हे कुठलाही प्रेसवाला न विचारता सांगेल. माझा जीव अडकलाय तो तुमच्या 'मागं उत्तर' या दोन शब्दांत.

चार वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाच्या उन्हाळी शिबिरासाठी मी हेच केलं होतं. प्रश्न २७०, म्हणजे ३० पानं, आणि असे वीस संच. प्रेसचं नाव सांगत नाही, अजून त्याच रस्त्यानं भाजीला जाते. प्रूफ म्हणून त्यांनी एक पान हातात ठेवलं. मी ते दोन्ही कडांना धरून ट्यूबलाइटसमोर नेलं. कडेच्या कार्डांवर माझीच बोटं, त्यामुळं नजर गेली मधल्या कार्डावर. 'विष्णुदास भावे यांनी सांगलीत पहिलं मराठी नाटक कोणत्या साली केलं?' पान उलटलं. '१८४३'. बरोबर. सही केली, पैसे भरले, घरी आले.

शिबिराच्या पहिल्याच दिवशी प्रश्न निघाला, '१९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारताला कुस्तीचं कांस्यपदक कुणी मिळवून दिलं?' पोरगं ताडकन म्हणालं, खाशाबा जाधव. कार्ड वाचणाऱ्या पोरानं मागं बघितलं आणि गंभीरपणे सांगितलं, चूक, बरोबर उत्तर 'आयर्विन पूल'. सगळी पोरं लोळून हसायला लागली. दोन डाव झाले आणि 'सांगलीत कृष्णेवर १९२९ साली कोणता पूल खुला झाला?' हे कार्ड आलं, तर त्याच्या पाठीवर खाशाबा. सहावीतली एक मुलगी म्हणाली, "काकू, या दोघांची अदलाबदल झालीय." ते तिच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

झालं होतं असं. पुढच्या पानावर एका ओळीत कार्डं १, २, ३. मागच्या पानावरही मी उत्तरं १, २, ३ अशीच लावली होती. पण कागद पुस्तकाच्या पानासारखा उलटला की डावं उजवीकडं जातं. एकच्या पाठीला तीनचं उत्तर येतं, तीनच्या पाठीला एकचं. मधला स्तंभ मात्र जागचा हलत नाही, तो कायम बरोबर. आणि मी तपासलं होतं नेमकं मधलं कार्ड! २७० पैकी ९० बरोबर, १८० चूक, गुणिले वीस संच. लॅमिनेशन आणि कटिंगसकट.

प्रेसमध्ये गेले तर ऐकून काय घेतलं, "तुम्ही दिलं तसं छापलं, ताई. सही तुमची आहे." त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि राग त्याचाच जास्त आला. दोन बाजूंची कामं त्यांच्या हाताखालून रोज जातात. मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते. पान उलटून एक कोपरा बघायला किती वेळ लागला असता? उलट चूक दाखवली तर शेजारच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात, "आजकाल सगळेच डिझायनर झालेत." परत छापायचं तर पूर्ण रक्कम आगाऊ. असो. त्यांचीही बाजू असेल, लग्नसराई होती.

शेवटी दोन संचांवर स्टिकर पेपरवर छापलेली उत्तरं घरी बसून चिकटवली, सासूबाईंनी कात्री चालवली. बाकीच्या अठरा संचांत उत्तरांची वेगळी यादी घातली. त्यातले बरेच अजून माळ्यावर आहेत.

म्हणून माझं ठाम मत, मग कुणी कितीही नावं ठेवोत: उत्तर पाठीवर नकोच. प्रश्न वर, उत्तर त्याच बाजूला तळाशी, बारीक अक्षरात, उलटं. वाचणाऱ्याचा अंगठा बरोबर त्यावर बसतो. पाठीवर सगळ्या कार्डांना एकच नक्षी, तीही कडेला चौकट नसलेली, कारण मागची बाजू मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकतेच आणि चौकट असली की ते लगेच डोळ्यांत येतं. आणखी एक. उत्तर मागं असलं की कार्ड उभं धरून प्रश्न वाचणारा समोरच्याला उत्तर फुकटात दाखवत असतो. हे तर मला चूक व्हायच्या आधीच सुचायला हवं होतं. ट्रिव्हियल परस्यूट या प्रसिद्ध प्रश्नखेळाची कार्डं पुढं प्रश्न, मागं उत्तर अशीच असतात हे मला माहीत आहे. त्यांची छपाई आपल्या नाक्यावर होत नाही.

तरीही पाठीवरच हवं असेल, तर मागच्या पानावर प्रत्येक ओळ उलट्या क्रमानं लावा, ३, २, १. दोन्ही बाजूंना कार्डाचा क्रमांक बारीक अक्षरात टाका. छापताना 'फ्लिप ऑन लाँग एज' (कागद लांब कडेवरून उलटणं) निवडलंय ना, ते बघा. शॉर्ट एज झालं तर वरची ओळ खाली जाते, अक्षरं उलटी येतात आणि तेव्हा मधोमधचं एकच कार्ड बरोबर येऊन तुम्हाला फसवतं. साध्या कागदावर एक पान छापून कोपऱ्यातल्या कार्डात टाचणी खुपसा आणि ती मागं कुठं निघते ते बघा. सॉफ्टवेअरमधल्या प्रिव्ह्यूपेक्षा माझा टाचणीवर भरवसा आहे. मी छपाईतली नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

तुम्ही वर्डची फाइल देणार म्हणताय. नका देऊ. प्रेसच्या कॉम्प्युटरवर तुमचा फाँट नसला की अक्षरं फुटतात, आणि तिथला ऑपरेटर मजकूर त्याच्या जुन्या फाँटमध्ये ओतून देतो, मदत म्हणूनच. सातारकरांसाठी सोपी परीक्षा आहे: 'कऱ्हाड' शोधा. त्याचं 'कर्हाड' झालं असेल तर सगळं परत वाचावं लागणार. फाँट आत बसवलेली पीडीएफ द्या. मुक्ता किंवा बालू हे फाँट मोफत मिळतात, जोडाक्षरं नीट येतात. प्रश्न एक्सेलमध्ये असतील तर सीएसव्ही (साध्या मजकुराची तक्त्याची फाइल) करताना यूटीएफ-८ या अक्षरसंकेताचाच पर्याय घ्या, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते. प्रश्नखेळच आहे म्हणा.

किरकोळ सांगते. घरी छापणार असाल तर 'फिट टू पेज' काढून टाका, ६३ बाय ८८ मिलिमीटरची कार्डं गुपचूप आखडतात. लॅमिनेशन एकाच बाजूला केलं तर कार्ड वाकतं, पावसाळ्यात जास्तच. आणि ३०० ला नवानं भाग जात नाही, ३४व्या पानावर तीनच कार्डं येतील. उरलेल्या सहा जागी कोरी कार्डं छापून घ्या, चुकलेले प्रश्न हातानं लिहायला लागतात. आमचा एक संच तुमच्या साताऱ्याच्याच कंदी पेढ्यांच्या खोक्यात राहतो. कार्डांना वेलचीचा वास येतो, पोरांची तक्रार नाही.

आता तुम्ही टाकलेले नमुन्याचे प्रश्न. कोयनेच्या भूकंपाची तारीख १० डिसेंबर १९६७ लिहिलीय. ती जागतिक प्रमाणवेळेनुसार. आपल्याकडं तेव्हा ११ डिसेंबरची पहाट होती, साडेचारच्या आत. शाळेतल्या कुणाचेही आजी-आजोबा तुम्हाला अडवतील. आणि 'यशवंतराव चव्हाण यांचा जन्म सातारा जिल्ह्यातल्या कोणत्या गावी झाला?' यावर मी सांगलीची म्हणून हरकत घेतेय. देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात आहे. १९१३ साली ते साताऱ्यात होतं हे मान्य. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. प्रश्नात 'तेव्हाच्या' एवढा एक शब्द घाला. संमेलनाला कडेगावकडचा एखादा पाहुणा असला तर डाव तिथंच थांबेल आणि जेवणाची पंगत बसेपर्यंत सुरू व्हायचा नाही.