मुदत संपलेल्या रसायनांत शिमग्याची १६ मिमी फिल्म धुण्याविषयी

मालवणच्या एका बंद झालेल्या स्टुडिओतून आपल्याला डी-७६ या डेव्हलपरच्या (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या) पुडीची एकेक लिटरची चार सीलबंद पाकिटे, रोडिनल या दुसऱ्या डेव्हलपरची अर्धी बाटली, द्रव फिक्सरचा (उमटलेले चित्र कायम करणाऱ्या रसायनाचा) एक कॅन आणि हायपोच्या, म्हणजे फिक्सरच्याच, खड्यांची पिशवी मिळाली आहे. या सगळ्यांची मुदत संपून दहा-बारा वर्षे झाली आहेत, आणि त्यांत शिमग्याच्या पालखीची १०० फूट डबल-एक्स (कृष्णधवल निगेटिव्ह) फिल्म घरी धुता येईल का, असे आपण विचारले आहे. धुता येईल. मात्र पालखी पुन्हा वर्षभराने नाचणार असल्यामुळे, आपल्याला इतरांनी सुचवलेल्या थेंबाच्या चाचणीवर विसंबून संपूर्ण फिल्म टँकमध्ये (फिल्म धुण्याच्या डब्यात) घालू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

उजेड लागलेल्या फिल्मच्या तुकड्यावर डेव्हलपरचा थेंब टाकला आणि तो भाग दोन-चार मिनिटांत काळा पडला, की डेव्हलपर जिवंत आहे एवढेच कळते. त्याच्यात दम किती उरला आहे, हे त्यावरून कळत नाही, आणि सिनेफिल्मच्या बाबतीत तोच प्रश्न महत्त्वाचा असतो. ३६ फोटोंच्या ३५ मिमी रोलचे क्षेत्रफळ सुमारे ८० चौरस इंच असते, तर १६ मिमीच्या १०० फुटांचे सुमारे ७५० चौरस इंच, म्हणजे नऊ रोलांहून अधिक. डी-७६ चे एक लिटर मूळ (आणखी पाणी न मिसळलेले) द्रावण ताजे असताना साधारण चार रोल नीट धुते. या हिशेबाने ५० फुटांना, म्हणजे अर्ध्या फिल्मला, निदान सव्वा लिटर मूळ द्रावण लागते, मग टँक ६०० मिलिलिटरमध्ये भरत असला तरी. मी पहिल्यांदा हीच चूक केली होती. जुन्या पाकिटाचा थेंब झकास काळा पडला, म्हणून टँकपुरतेच द्रावण घेतले, आणि पडद्यावर माडाच्या झावळ्या व त्यांच्यामागचे आकाश एकाच करड्या रंगाचे दिसले.

म्हणून चाचणी त्याच प्रमाणात करावी. ५० फुटांना १२५० मिलिलिटर, तर एका फुटाला २५ मिलिलिटर. त्याच जातीच्या फिल्मवर अंगणातले एखादे दृश्य, ज्यात पांढरी भिंत आणि झाडाखालची गडद सावली दोन्ही असतील असे, चित्रित करावे. त्यातला एक फूट पूर्ण अंधारात कापून (ही फिल्म लाल दिव्यालाही संवेदनशील आहे), त्याचे तीन-चार तुकडे करून, २५ मिलिलिटर द्रावणात हलवत ठेवावे. सावलीत तपशील दिसला आणि भिंतीचा भाग निगेटिव्हवर दाट काळा आला, तर ते पाकीट वापरण्याजोगे आहे. प्रत्येक पाकिटाची अशी वेगळी चाचणी घ्यावी, कारण एकाच खोक्यातल्या पाकिटांनाही दमट हवा सारखी लागलेली नसते.

पूड तपकिरी झाली असेल किंवा तिचे ढेकूळ झाले असेल, तर पाकीट सरळ टाकून द्यावे. पांढरी असली तरी निर्धास्त होऊ नये, कारण पुडीतले, डेव्हलपर टिकवून धरणारे सोडियम सल्फाइट हवेने सल्फेट झाले तरी पांढरेच दिसते. पाणी आधी उकळून पन्नास अंशांपर्यंत निवू द्यावे, मग पूड विरघळवावी. द्रावण फिकट पिवळसर झाले तर चालेल, कोऱ्या चहासारखे झाले तर नाही. पुडीतल्या मेटॉल या रसायनाने काहींच्या त्वचेला पुरळ येते, तेव्हा हातमोजे घालावेत.

रोडिनलचा नियम उलटा आहे. १८९१ पासून चालत आलेले हे द्रावण बाटलीत काळेभोर झाले तरी बहुधा काम करते. तरीही ते या फिल्मसाठी वापरू नये, असे माझे मत आहे. १६ मिमीची चौकट जेमतेम दहा मिलिमीटर रुंद असते आणि रोडिनलचा दाणा (चित्रातले चांदीचे कण) तिच्यात फार उठून दिसतो.

द्रव फिक्सरच्या कॅनच्या तळाशी पिवळट साका दिसला, तर ते गंधक आहे, कॅन बाद समजावा. हायपोचे खडे चिकट झाले असले तरी चालतात. लिटरला २५० ग्रॅम घ्यावेत. फिल्मचा कोरा तुकडा त्यात पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ फिल्म ठेवावी. खड्यांविषयी जराही शंका आली तर नवे आणावेत. डेव्हलपर वाया गेला की चित्र पुसट येते, पण फिक्सर अपुरा पडला की चांगले आलेले चित्रही पुढे काही वर्षांत डागाळते.

आपल्या किनाऱ्यावर मुदतीपेक्षाही मोठा शत्रू म्हणजे पाण्याचे तापमान. माझ्या विहिरीचे पाणी पौषात पहाटे २५ अंश असते आणि वैशाखात २९ च्या पुढे जाते. निम्मे पाणी मिसळलेल्या डी-७६ मध्ये (अर्थात तेव्हा एकूण द्रावण अडीच लिटर लागेल) २० अंशांना ११-१२ मिनिटे लागत असतील, तर २६ अंशांना सहा-साडेसहा मिनिटे पुरतात. त्याहून कमी वेळात फिल्मवर पट्टे उमटू लागतात. बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून २४ अंशांवर आणाव्यात, आणि डेव्हलपर, फिक्सर व धुण्याचे पाणी यांत एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक राहू देऊ नये.

विहिरीत टाकतो ते पोटॅशियम परमँगनेट वापरून फिल्म थेट पॉझिटिव्ह (निगेटिव्हऐवजी सरळ चित्राची) करण्याचा आपला विचार या ऋतूत तरी सोडून द्यावा. आम्लातले परमँगनेट फिल्मवरचे जिलेटिन (ज्यात चित्र असते तो थर) मऊ करते. मे महिन्यात माझ्या एका फिल्मचा थर तापल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला आणि बोट लागताच सेल्युलोजच्या पट्टीवरून सरकून पाण्यात गेला. निगेटिव्ह काढून ती स्कॅन करून उलटवणे कितीतरी सुरक्षित आहे.

शेवटचे धुणे मचूळ पाण्यात करू नये. पागोळीचे साठवलेले, गाळलेले पाणी असल्यास त्यात वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रवाचे) दोन-चार थेंब घालून फिल्म मिनिटभर बुडवावी, आणि समुद्राकडच्या खिडक्या बंद करून आतल्या खोलीत नायलॉनच्या दोरीवर, थर बाहेरच्या बाजूला ठेवून वाळवावी. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. ते पोफळीच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, एक्स-रेचे फिक्सर विकत घेणाऱ्याला द्यावे. फिल्म पूर्ण वाळल्यावर, मृगापूर्वीच, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करावी, कारण पावसाळ्यातली बुरशी सर्वांत आधी जिलेटिनच खाते.